सातवी खाट

मंगळवार, ३ तारीख

सूनबाईने दिवाणखान्यात पाटी लावली आहे, मोठ्या अक्षरात: जे लिहिलं नाही, ते झालंच नाही. तिच्या प्रशिक्षणात हे वाक्य दिलं. कोणाला कुठली गोळी दिली, कोण पाणी प्यालं, कोणाचं पोट साफ झालं, सगळं लिहून ठेवायचं. मी म्हटलं, मग माझा जन्म वायाच गेला म्हणायचा, मी तर कुठेच लिहिलेली नाही. नात हसली आणि तिच्या शाळेची एक अर्धी कोरी वही आणून दिली. म्हणाली, “आजी, आजपासून तू पण झालीस असं समज.”

म्हणून लिहिते. शाळा चौथीत सुटली, तेव्हा शुद्धलेखन कोणी तपासू नये.

घरात आम्ही चौघं. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, महिन्यातून दोनदा तोंड दाखवतो. सूनबाई इस्पितळात रुग्णांची उठबस करायची. ते सोडून तिने खालच्या मजल्यावर म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं घर काढलं आहे. परवाना तात्पुरता मिळालाय. तपासणी झाली की पक्का. सहा खाटांचा. खोल्यांच्या मापात सहाच बसतात, सातवी नाही, असं तिकडून स्पष्ट सांगितलंय.

नियम तर विचारू नका. संडासात धरायला दांडे, खाटेला कठडे, प्रत्येकाच्या उशाशी घंटी, दिवसरात्र नर्स. आज गवंडी आला आणि खालच्या खोल्यांचे उंबरे उखडून गेला. चाकाची खुर्ची जायला हवी म्हणे. उंबऱ्याशिवायचं घर म्हणजे कवळी काढलेलं तोंड. माझी खोलीही खालीच आहे, पण ती घरच्यांची, नियमात येत नाही. गवंडी छिन्नी घेऊन आला तशी मी दारात उभी राहिले.

“आई, काढू द्या. एक दिवस तुम्हीच अडखळाल,” सूनबाई म्हणाली.

“अडखळले तर तुला एक गिऱ्हाईक वाढेल,” मी म्हटलं. गवंडी फिस्सकन हसला. सूनबाई नाही हसली. तिला माझे विनोद कळत नाहीत.

गुरुवार, ५ तारीख

आज हात दाखवून अवलक्षण केलं.

सूनबाई प्रशिक्षणाला गेली होती, नर्स आतमध्ये कोणाला तरी आंघोळ घालत होती. दारात एक पन्नाशीचा माणूस उभा, शेजारी त्याची आई, पायाशी बॅग. बायकोचं ऑपरेशन आहे परगावी, चार दिवस आईला ठेवा म्हणाला. मी म्हटलं, जागा नाही. तो म्हणाला, सगळीकडे हेच ऐकून आलोय. मी पुन्हा तेच म्हणणार होते, तर म्हातारीने माझ्या बाहीची उसवलेली शिवण बोटाने चाचपली आणि म्हणाली, “कोणी शिवलं हे? धागा कुजका वापरलाय.”

मीच शिवलं होतं. राग आला. पण तिला आत घेतलं. एवढ्या खोड्या काढणारी बाई चार दिवस करमणूक करेल, असं वाटलं असेल. खरं कारण मला माहीत नाही.

जन्मभर तिने शाळेच्या मुलांचे गणवेश शिवले. आता डोक्यातली वीण सुटली आहे. आज कुठला वार, जेवण झालं का, नवरा आहे की गेला, काही सांगता येत नाही. बोटं मात्र सारखी चालू, पांघरुणाची किनार धरून बिनसुईचे टाके घालते. आम्ही तिला टेलरबाई म्हणतो.

सूनबाई आली आणि दारातच थांबली. “आई, सहा म्हणजे सहा. माझं सगळं यावर उभं आहे.”

“चार दिवस गं. कोण मोजायला येतंय?”

मंगळवार, १० तारीख

चार दिवस उलटून गेले. टेलरबाईच्या मुलाचा फोन आला, ऑपरेशनमध्ये काही बिघडलंय, थोडं थांबा म्हणतो. आणि परवाना कार्यालयातून निरोप: तपासणी गुरुवारी.

सूनबाई डोकं धरून बसली. सहा जणांच्या सहा जागा, त्यात सातवी. तिला कुठे पाठवायचं? तिच्या मुलाच्या घराला कुलूप. आणि सापडली तर पक्का परवाना सोडा, तात्पुरताही जाईल. मग बाकीच्या सहा म्हाताऱ्यांनी कुठे जायचं आणि आम्ही काय खायचं?

चूक माझी, तेव्हा तोडगाही मीच काढायचा. मी म्हटलं, “घरची माणसं मोजत नाहीत ना? मग ती माझी बहीण. माझ्या खोलीत राहते. झालं.”

“आई, असं नका करू.”

“तू काही करू नकोस. तू फक्त गप्प बस. तेवढं तुला येतं.”

ती गप्प बसली. दोष द्यायचाच तर इथेही मलाच द्यावा लागेल.

बुधवार, ११ तारीख

दिवसभर तालीम. टेलरबाईची खाट माझ्या खोलीत आणली. कठडे आणि घंटी तिकडेच राहिली, कारण घरच्या माणसाच्या उशाशी घंटी कशाला, तपासणीवाली विचारेल.

“मी कोण?” मी विचारायची.

“तुम्ही त्या तोंडाळ बाई.”

“तोंडाळ बाई नाही. ताई. मी तुझी थोरली ताई.”

“मला बहीण नव्हती हो.”

“होती. विसरलीस.”

दुपारपर्यंत हेच. मग संध्याकाळी चहा घेऊन गेले तर माझ्याकडे बघत राहिली, डोळे भरून आले आणि म्हणाली, “ताई, इतके दिवस कुठे होतीस गं?”

आपलं काम फत्ते झालं म्हणून खूश व्हायला हवं होतं. जेवण गेलं नाही. पित्त असेल.

गुरुवार, १२ तारीख

तपासणीवाली बाई तरुण आहे, सपाट चपला, खांद्याला पिशवी. आल्या आल्या टेप काढली आणि मोजायलाच लागली. मी तिचं नाव फूटपट्टी ठेवलं. खाटा मोजल्या, दारांची रुंदी मोजली, घंट्या दाबून बघितल्या, नर्सला दहा प्रश्न विचारले. खिडक्या उघडतात का, दारांना बाहेरून कड्या आहेत का. सूनबाईला सगळी उत्तरं पाठ. मनातून म्हटलं, पोरीने मेहनत घेतली आहे खरी.

मग माझ्या खोलीत आली. टेलरबाई टेप बघून उठून बसली.

“कोणाचं माप घेताय?”

“खोलीचं, आजी.”

“खोलीला काय शिवणार?”

“पडदे शिवू,” फूटपट्टी म्हणाली. हसली तेव्हा बरी दिसली. मग मला विचारलं, “या कोण?”

मी तोंड उघडायच्या आत टेलरबाईने माझा हात धरला. “माझी ताई आहे. माझ्यासाठी हिने लग्नाआधी नोकरी केली. मला शिवणयंत्र घेऊन दिलं.”

हे मी शिकवलं नव्हतं. हे तिचं तिने जोडलं होतं, नीट, किनार दुमडून.

फूटपट्टीने उंबऱ्याकडे बघितलं. “हा काढून टाका आजी, नियम नसला तरी.”

“बघू,” मी म्हटलं.

गुरुवार, १९ तारीख

पक्का परवाना आला. सूनबाईने काचेत बसवून लावला. मुलाने फोनवरून शाबासकी दिली, नात नाचली. मी पण म्हटलं, छान झालं. माझ्या डोक्याचं कौतुक तेवढं सगळ्यांनी करायचं राहिलं.

टेलरबाईचा मुलगा अजून तिकडेच आहे. बायको शुद्धीवर आहे, पण हलवता येत नाही. आता टेलरबाई माझ्याच खोलीत. नर्सची फेरी सहा खाटांची. सातवी तिच्या तक्त्यात नाही, कारण ती माझी बहीण आहे. नर्स बिचारी परवा म्हणाली, “यांचंही बघते मी अधूनमधून.” मी म्हटलं, “राहू दे, कोणी बघितलं तर पंचाईत. मी आहे ना.”

मी आहे ना. काय तोंड आहे मला.

सकाळी तिचे केस विंचरते. फार वळवळ करते. काल मीच तिची उसवलेली बाही शिवली, तिने तीनदा उसवायला लावली. कटकट आहे नुसती. तिचा मुलगा घेऊन गेला की सुटेन.

मंगळवार, २४ तारीख

टेलरबाई पडली.

दुपारी जेवण करून ती झोपली होती. मी फाटकापाशी भाजीवाल्याशी भांडत होते. भांडण रंगात आलं होतं, त्याला एक चांगला टोला हाणायचा होता. आतून हाक आली, “ताई.” मी ऐकली. पुन्हा आली. खोटं का लिहू, दोन्ही ऐकल्या. म्हटलं, एवढं वाक्य पुरं करते आणि जाते.

वाक्य पुरं केलं. भाजीवाला हसला. मागे धप्पकन आवाज झाला.

माझ्या खोलीच्या उंबऱ्याला अडखळून ती पडली होती, मला शोधायला निघाली होती. उजवा हात अंगाखाली. ओरडलीसुद्धा नाही. फक्त म्हणाली, “ताई, कात्री कुठे पडली बघ गं, कोणाच्या पायात जाईल.”

नर्स धावली, सूनबाई धावली. खालच्या साऱ्या घरात तो एकच उंबरा होता.

बुधवार, २५ तारीख

काल इस्पितळाचं लिहायला हात धजला नाही.

मनगट मोडलंय. डॉक्टरने विचारलं, “कुठे पडल्या?” सूनबाई माझ्याकडे बघत होती. नियम असा की घरात सांभाळायला ठेवलेलं माणूस पडलं तर दुसऱ्या दिवसाच्या आत परवाना कार्यालयाला कळवायचं. का पडलं, तेव्हा कोण होतं, घंटी चालत होती का, ते येऊन बघतात. घरचं माणूस पडलं तर काही नाही, फक्त प्लास्टर.

मी म्हटलं, “घरी पडली. माझी धाकटी बहीण आहे.”

डॉक्टरने तसं लिहिलं. सूनबाईने मान खाली घातली. टेलरबाई प्लास्टरकडे बघून म्हणाली, “अस्तर जाड लावलंय.”

शनिवार, २८ तारीख

डाव्या हाताने टाके घालता येत नाहीत तिला. किनार धरते, सोडते. जेवताना घास मी भरवते. तोंड उघडून बसते पाखरासारखं आणि मध्येच म्हणते, “ताई, तू जेवलीस का?”

सूनबाई माझ्याशी बोलत नाही. बोलत नाही म्हणजे कामापुरतं बोलते, ते जास्त वाईट. धड जेवतही नाही. आज भांडी पुसता पुसता म्हणाली, “आई, न लिहिलेलं होत नाही म्हणतात. पण हाताला प्लास्टर आहे ना.”

मी म्हटलं, “बायकांचे हात मोडतात. जग चाललंय.”

मग खोलीत येऊन बसले. टेलरबाई झोपली होती. खाट भिंतीला टेकवली आहे आणि या बाजूला मी खुर्ची लावते, कठड्याऐवजी. खुर्चीवर मी. मी डुलकी घेतली की कठडा पडला. त्या फूटपट्टीने दारं मोजली, घंट्या दाबल्या, ते काही तिच्या हौसेसाठी नव्हतं. मी हसत होते तेव्हा.

गवंड्याला बोलावून उंबरा काढून घेतला. दहा मिनिटांचं काम. आता काय उपयोग, तोही माझ्याकडे तसंच बघत होता.

सोमवार, ३० तारीख

परवाना कार्यालयात जाऊन आले. कोणाला सांगितलं नाही. रिक्षावाल्याला पत्ता दाखवला.

फूटपट्टी टेबलापाशी होती. मी उभ्याउभ्या सुरुवात केली, “ती माझी बहीण नाही.”

“माहीत आहे, आजी. बसा.”

“कसं माहीत?”

“तुमच्या सूनबाई सकाळीच येऊन गेल्या. सगळं सांगितलं. खोटं नातं लावायची कल्पना त्यांचीच होती, तुम्हाला त्यांनी भाग पाडलं, असं लिहून दिलं.”

मला असा संताप आला. “खोटारडी! कल्पना माझी! तिला साधी भाजीत मिठाची कल्पना सुचत नाही, ही कुठून सुचेल? कुठलंही श्रेय सोडवत नाही तिला.”

फूटपट्टीने पेन खाली ठेवलं. “आजी, श्रेय नाही ते. ज्याची कल्पना, त्याचा परवाना जातो.”

“मग माझा घ्या.”

“तुमचा आहेच कुठे?”

मग सगळं सांगितलं. दारातलं, तालमीतलं, भाजीवाल्याचं. दोन हाकांचंही. ते सांगताना तिने लिहिलं नाही, नुसतं ऐकलं. मला वाटलं होतं ओरडेल. ती पाणी प्या म्हणाली.

मग म्हणाली, “माझीही चूक आहे. मी विचारलं आणि पुढे गेले. कागद बघायला हवा होता.”

मी म्हटलं, “तुम्ही पडद्यांचा विचार करत होतात.” तिला हसू आलं नाही.

शुक्रवार, ४ तारीख

निकाल आला. परवाना गेला नाही, कारण दोघींनी आपणहून येऊन सांगितलं. पण नवीन कोणाला घ्यायचं नाही वर्षभर, सूनबाईने प्रशिक्षण पुन्हा पहिल्यापासून करायचं, आणि तपासणी न सांगता कधीही. सातव्या बाईला परवाना असलेल्या दुसऱ्या घरी हलवायचं, आठवड्याच्या आत.

मी फूटपट्टीला फोन केला. म्हटलं, माझी खोली घ्या मापात. मी वर नातीच्या खोलीत जाते, टेलरबाई राहील इथे, उंबरा काढलाय, घंटी लावू. ती म्हणाली, त्या खोलीला बाहेर पडायला दुसरी वाट नाही, आग लागली तर काय? खाट बसणार नाही.

म्हणजे बरोबरच आहे तिचं. दर वेळी बरोबरच असते ती. फार त्रास होतो अशा माणसाचा.

सूनबाईला मी म्हटलं, “तू कशाला गेलीस खोटं सांगायला?”

ती म्हणाली, “तुम्ही सांगितलं होतंत, गप्प बस, तेवढं तुला येतं. म्हटलं, दुसरं काही येतं का बघावं.” आणि माझ्या ताटात जास्तीची पोळी टाकून गेली. नक्की चिडली आहे माझ्यावर.

मंगळवार, ८ तारीख

टेलरबाईचा मुलगा आला. पार वाळलाय. बायको आता बरी आहे. मी त्याला सगळं सांगितलं, एकदम, श्वास न घेता. तो प्लास्टरवरून हात फिरवत बसला. “चूक माझीच आहे,” म्हणाला, “चार दिवस म्हणून ठेवून गेलो.” ओरडला असता तर बरं झालं असतं. हल्ली ओरडायला कोणी तयारच नाही, जो तो चूक आपलीच म्हणतो. मग मी माझी कुठे ठेवू?

गावाच्या दुसऱ्या टोकाला एक मोठं घर आहे, परवान्याचं. तिथे जागा मिळाली.

गाडीत बसवताना तिने माझी बाही धरली. “ताई, तू नाही येत?”

“येते मागून.”

आणखी एक खोटं. सवय झाली आहे जिभेला.

सोमवार, १४ तारीख

आज गेले मागून.

मोठं घर, फरशी चकचकीत, कुठे उंबरा नाही. दारातल्या टेबलावर एक मुलगी. पहिले काही दिवस फक्त नातेवाइकांना सोडतात म्हणे, माणूस रुळेपर्यंत.

“नातं काय तुमचं, आजी?”

मागे दोनतीन माणसं उभी होती. बहीण म्हटलं असतं तर लगेच आत. जिभेवर आलंच होतं. कोणी नाही म्हटलं असतं तर लगेच बाहेर.

मी म्हटलं, “त्यांचा हात मोडलाय ना, तो माझ्यामुळे.”

मुलीचं पेन अडकलं. ती आत जाऊन मोठ्या बाईंना घेऊन आली. त्यांना पुन्हा सांगितलं, मागच्या लोकांनीही ऐकलं. मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं. म्हणाल्या, “अर्धा तास. आणि दार उघडं राहील.” बरोबर आहे. मी पण उघडंच ठेवलं असतं.

टेलरबाई खिडकीपाशी बसली होती. खाटेला कठडे, उशाशी घंटी. केस कोणीतरी नीट विंचरले होते. शेजारच्या खाटेवर एक जाडजूड बाई घोरत होती.

“तुम्ही कोणाकडे आलात?” टेलरबाईने विचारलं.

“तुमच्याकडेच.”

“मग बसा की. हळू बोला. ही माझी ताई आहे, आत्ताच डोळा लागलाय तिचा.”

मी बसले. त्या घोरणाऱ्या बाईकडे बघितलं. सुटकेचा श्वास सोडायला हवा होता, पण त्या बाईचा राग आला, तिने माझं काय घेतलं होतं कोण जाणे.

मी हळू बोलले. जन्मात पहिल्यांदाच बहुतेक. घरून ठरवून आलेलं सगळं सांगितलं: एक शिवणारी बाई होती, तिला एकीने खोटंच बहीण म्हणून ठेवून घेतलं, तिच्या उशाशी घंटी ठेवली नाही, हाक मारली तेव्हा गेली नाही. ती पडली.

टेलरबाई लक्ष देऊन ऐकत होती. बोटं पांघरुणावर होती, डाव्या हाताची.

“मग?”

“मग त्या बहिणीने सगळ्यांना खरं सांगितलं.”

“बरं केलं. मग?”

“मग शिवणारीला दुसरीकडे नेलं.”

तिने किनार बोटांत फिरवली. “म्हणजे तिचं दोन्हीकडून वाईटच झालं की.”

“हो. वाईटच झालं.”

“ती बहीण जरा बिनडोकच म्हणायची.”

“हो,” मी म्हटलं. “आणि तोंडाळ.”

“हळू,” ती म्हणाली. “ताई उठेल.”